ना गरम, ना थंड : दवाखान्याच्या पाण्यातला लेजिओनेला

मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमाराला केज तालुक्यातल्या नांदूरघाटात गच्चीवरच्या टाकीला जोडलेला कुठलाही नळ सोडून बघा. नळ ‘थंड’ पाण्याचा असतो, पण सुरुवातीचं पाणी इतकं ऊन येतं की चूळ भरवत नाही. आता ऑगस्ट महिना घ्या. चार दिवस झड लागलेली आहे, सूर्याचं दर्शन नाही. त्याच गच्चीवरच्या सोलरच्या नळाखाली बादली लावली, तर पाणी जेमतेम कोमट. एक नळ थंडाचा, एक गरमाचा, आणि वर्षातले कित्येक महिने दोघांचं पाणी जवळपास एकाच तापमानाचं!

घरी आपण थोडी कुरकुर करतो आणि अंघोळ उरकून कामाला लागतो. घरातलं पाणी रोज खेळतं असतं आणि अंघोळ करणारी माणसं बहुतेक धडधाकट असतात, म्हणून तिथे हे निभावून जातं. दवाखान्यात तसं नसतं. तिथे पाईप लांबलचक, वापर अनियमित आणि नळाखाली हात धरणारा माणूस आधीच आजारी. अशा ठिकाणी कोमट पाणी हा न्यूमोनियाचा रस्ता होऊ शकतो. त्या रस्त्यावरून येणाऱ्या जंतूचं नाव लेजिओनेला. मराठवाड्यातल्या दवाखान्यांनी त्याचा विचार कसा करावा, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. कोणत्या एका रुग्णालयाकडे बोट दाखवण्याचा हेतू नाही. गच्चीवर टाकी, भिंतीत पाईप आणि खाटेवर रुग्ण असलेल्या प्रत्येक इमारतीला हे लागू आहे.

नाताळच्या सुट्टीत सापडलेला जंतू

जुलै १९७६. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड नावाच्या मोठ्या हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. दोन हजारांहून जास्त माजी सैनिक जमले. २१ ते २४ जुलै असा कार्यक्रम झाला, मंडळी घरी परतली आणि काही दिवसांतच एकेकाला थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, धाप असा त्रास सुरू झाला. एकूण २२१ जण आजारी पडले आणि ३४ दगावले. त्यांत हॉटेलबाहेरच्या रस्त्यावरून नुसते गेलेले लोकही होते. विषबाधेपासून घातपातापर्यंत सगळे तर्क झाले. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या बशांमध्ये मात्र काहीच उगवत नव्हतं.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातले जोसेफ मॅकडेड हे शास्त्रज्ञ एरवी वेगळ्याच जातीच्या जंतूंवर काम करत. आपल्या जुन्या काचपट्ट्यांवर दिसलेल्या मोजक्या काडीसारख्या आकृत्या त्यांच्या मनातून जाईनात. १९७६च्या नाताळाच्या सुट्टीत त्यांनी त्या पट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या, कोंबडीच्या अंड्यातल्या भ्रूणात तो जंतू वाढवला आणि जानेवारी १९७७मध्ये नवा जंतू जाहीर झाला. माजी सैनिकांच्या त्या संघटनेवरूनच त्याला नाव मिळालं. संशय गेला तो हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतल्या पाण्यावर.

जंतू नवा नव्हताच. नदी, तळी, ओली माती यांत तो कधीपासून राहतो आहे, आणि तिथे तो इतका विरळ असतो की कुणाला बाधत नाही. माणसाने घराघरांत कोमट पाण्याच्या लांब नळ्या बसवल्या, पाण्याचे बारीक फवारे उडवणारी यंत्रं आणली, तेव्हा त्याला माणसाच्या फुप्फुसापर्यंत पोचायची वाट सापडली.

विरजणाचं गणित

दही लावणाऱ्या कुठल्याही बाईला या जंतूचा स्वभाव दोन वाक्यांत समजेल. दूध कडकडीत गरम असताना विरजण टाकलं तर विरजणातले जंतू मरतात आणि दही लागत नाही. फ्रीजमधल्या गार दुधात टाकलं तर ते मरत नाहीत, नुसते पडून राहतात. बोट घालून बघितल्यावर ‘आता ठीक आहे’ असं वाटेल इतपत कोमट दूध लागतं. लेजिओनेलाचंही तसंच आहे. २० अंश सेल्सिअसच्या खाली तो जिवंत असतो, पण वाढत नाही. २० ते ४५ अंशांत वाढतो आणि त्यातही पस्तिशीच्या आसपास सगळ्यात जोमाने. पन्नाशीच्या वर त्याची वाढ थांबून मरण सुरू होतं, पण ५० अंशांना शंभरातले नव्वद मरायला दीड-दोन तास लागतात. ६० अंशांना तेच काम साधारण दोन मिनिटांत होतं. ७०च्या पुढे तर जवळपास लगेच.

म्हणून ब्रिटनसारख्या देशातल्या रुग्णालयांचा नियम सरळ आहे : गरम पाणी ६० अंशांवर साठवा, ते फिरून परत येताना ५०च्या खाली जाऊ देऊ नका, आणि थंड पाणी २०च्या खाली ठेवा. दोन टोकांना दोन नळ, मधला पट्टा रिकामा.

हा नियम जसाच्या तसा उचलून मराठवाड्यात आणला तर त्याचा अर्धा भाग पहिल्याच उन्हाळ्यात मोडतो. पारा चाळिशीपार गेल्यावर गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी २० अंशांवर ठेवायचं तरी कसं? टाकी झाकली, पांढरी रंगवली, तरी ते तिशीच्या आत येईल याची खात्री नाही. लंडनमध्ये लेजिओनेलाची चर्चा मुख्यतः गरम पाण्याच्या नळीभोवती फिरते. केज, धारूर, अंबाजोगाईच्या पट्ट्यात मार्च ते जून या काळात थंड पाण्याची नळीही त्याच चर्चेत घ्यावी लागते. परदेशी पुस्तकांतून आलेल्या बहुतेक सूचनांत हा फरक निसटतो, आणि माझ्या मते आपल्याकडच्या पाण्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

┌─────────────────────┐
चौकट : पाणी किती अंशांवर, जंतू कोणत्या अवस्थेत

२० अंशांखाली : जिवंत, पण निपचित.
२० ते ४५ अंश : वाढ. पस्तिशीच्या आसपास सर्वाधिक.
५० अंश : मरतो, पण फार सावकाश.
६० अंश : साधारण दोन मिनिटांत दहातले नऊ नष्ट.
७० अंश आणि पुढे : जवळपास तत्काळ नष्ट.

मराठवाड्यात उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी आणि पावसाळ्यात सोलरमधलं पाणी, दोन्ही दुसऱ्या ओळीत मोडू शकतात.
└─────────────────────┘

पाईपच्या आत, गीझरच्या तळाशी

नुसतं तापमान पुरत नाही. विरजणाला दूध लागतं, तसं या जंतूला खायला-राहायला काहीतरी हवं. ते पाईपच्या आतल्या भिंतीवर तयार असतं. बरेच दिवस वापरात असलेला नळ खोलून रबरी वायसर काढा आणि अंगठ्याने चोळा. बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा म्हणजे नाना प्रकारच्या जंतूंनी मिळून घातलेला चिकट थर. वाहतं पाणी त्याला सहज खरवडून नेत नाही आणि क्लोरीन त्याच्या वरच्या पापुद्र्याशीच खर्ची पडतं.

या थरावर अमिबा चरतात. अमिबा म्हणजे शाळेच्या पुस्तकातला तोच एकपेशीय जीव, जंतू गिळून जगणारा. १९८०मध्ये टिमोथी रोबोथॅम या इंग्लंडमधल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी एक विलक्षण गोष्ट दाखवून दिली : अमिबा लेजिओनेलाला गिळतो, पण पचवू शकत नाही. उलट हा जंतू अमिबाच्या पोटात राहून वाढतो, शेकडोंनी वाढतो आणि शेवटी अमिबाला फोडून बाहेर पडतो. परिस्थिती बिकट झाली, क्लोरीन वाढलं, की अमिबा स्वतःभोवती कठीण कवच करून घेतो आणि आतला लेजिओनेलाही त्याच कवचात सुरक्षित राहतो. अशा कवचातले जंतू लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यातही तगल्याचं प्रयोगात दिसलं आहे. पिण्याच्या पाण्यात आपण नळाशी ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मागतो, यावरून अंदाज यावा.

माणसाच्या आजाराचं मूळही याच सवयीत आहे. आपल्या फुप्फुसात बाहेरचे जंतू गिळून टाकणाऱ्या संरक्षक पेशी असतात. त्यांची गिळण्याची तऱ्हा अमिबासारखीच आहे. अमिबाच्या पोटात जगायला शिकलेल्या जंतूला या पेशींच्या पोटात जगणं अवघड जात नाही. आपल्याशी त्याचं काही वैर नाही. आपलं फुप्फुस त्याला चुकून मिळालेलं घर आहे.

आता गीझरकडे येऊ. उभ्या टाकीच्या गीझरमध्ये तापवणारी कॉइल तळाच्या थोडी वर असते. गरम पाणी हलकं, ते वर जातं. कॉइलच्या खालचं वीतभर पाणी मात्र नुसतं कोमट राहतं, आणि गाळ नेमका तिथेच बसतो. बोअरच्या जड पाण्यात क्षार भरपूर. तापल्यावर ते पांढरट खपल्यांच्या रूपात बाहेर पडतात आणि तळाशी थर धरतात. कोमट पाणी, गाळ, क्षाराच्या खपल्यांमधल्या असंख्य फटी आणि लोखंडाचा गंज. लेजिओनेलाला लोह लागतं, तेही मिळालं. १९८२मध्ये पिट्सबर्गच्या एका रुग्णालयात जेनेट स्टाउट आणि व्हिक्टर यू यांच्या चमूने गरम पाण्याच्या टाक्यांपासून नळांपर्यंत शोध घेतला, तेव्हा हा जंतू पाणीव्यवस्थेत जागोजागी सापडला. वरून हात लावला तर टाकी चांगली गरम लागते, आणि तळाशी हे चाललेलं असतं.

सोलरची तऱ्हा आणखी वेगळी. उन्हाळ्यात त्याची टाकी ७०-८० अंशांपर्यंत तापते, पण तेव्हा गरम पाणी हवं कुणाला? गरम नळ महिनोन्महिने बंद. टाकीतलं पाणी जंतूंना मारण्याइतकं गरम, आणि टाकीपासून वॉर्डापर्यंतच्या पाईपमधलं पाणी भिंतीच्या तापमानाला, म्हणजे ३५च्या आसपास, निश्चल उभं. जूनअखेर पाऊस पडतो, हवा गार होते, कुणीतरी बऱ्याच महिन्यांनी लाल खुणेचा नळ उघडतो. पहिल्या बादलीत येतं ते पाईपमध्ये सगळा उन्हाळा उभं राहिलेलं पाणी.

तसाच धोका प्लग मारून सोडून दिलेल्या पाईपच्या तुकड्यांचा. पूर्वी इथे बेसिन होतं, ते काढलं आणि पाईपच्या तोंडाला प्लग लावला. पाईप भिंतीतच राहिला. त्यातलं पाणी कधीच बदलत नाही, पण शेजारून वाहणाऱ्या पाण्यात तिथले जंतू मिसळत राहतात. कुलूपबंद वॉर्डाचंही हेच. नवी इमारत बांधून झाली, पाईपची चाचणी घ्यायला पाणी भरलं, पदं मंजूर होईपर्यंत वर्षभर तशीच ठेवली, आणि मग एके दिवशी उद्घाटन करून रुग्ण आत घेतले. पाण्याच्या दृष्टीने ती इमारत नवी नसते.

पिऊन होत नाही, श्वासातून होतं

गावातल्या पाण्याचा आपला सगळा विचार पिण्याभोवती फिरतो. जलसुरक्षक नमुना घेतो, प्रयोगशाळेचा दाखला येतो, वर्षातून दोनदा सर्वेक्षण होऊन ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. हे काम मोलाचं आहे. कॉलरा, कावीळ, हगवण यांपासून ते वाचवतं. पण ‘पिण्यास योग्य’ या दाखल्यात लेजिओनेलाचा तपास नसतो. ती तपासणी विष्ठेतून येणारे जंतू शोधते आणि लेजिओनेला विष्ठेतून येत नाही. प्रयोगशाळेत तो वाढवायला लोह आणि सिस्टीन नावाचं द्रव्य घातलेलं खास माध्यम लागतं आणि आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते. त्यामुळे हिरवं कार्ड आणि पाईपमधला लेजिओनेला एकाच वेळी असू शकतात.

लेजिओनेला असलेलं पाणी निरोगी माणूस प्यायला, तर सहसा काही होत नाही. धोका आहे तो पाणी फुप्फुसात जाण्याचा. ते दोन तऱ्हांनी जातं. एक म्हणजे बारीक तुषार. शॉवर, जोरात आदळणारा नळ, फवारे यांतून डोळ्याला न दिसणारे थेंब हवेत तरंगतात, आणि पाच मायक्रॉनहून लहान थेंब श्वासाबरोबर थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. १९८०मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयात मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना हा न्यूमोनिया झाला आणि तिथल्या शॉवरच्या पाण्यातच जंतू सापडला. दुसरी तऱ्हा म्हणजे ठसका. पक्षाघात झालेला, अर्धवट शुद्धीतला किंवा नाकातून नळी घातलेला रुग्ण घोट घेतो आणि त्यातलं थोडं पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतं.

आपल्याकडे बहुतेक सरकारी दवाखान्यांत बादली आणि मग. शॉवर नसतोच. हा आपला मोठा फायदा आहे, तो सोडू नये. आधुनिक दिसावं म्हणून जनरल वॉर्डात शॉवर बसवायची घाई मला तरी अनाठायी वाटते.

पण बादलीमुळे सगळं भागत नाही, कारण पाण्याचे तुषार करणारी यंत्रं वॉर्डातच असतात. दम्याच्या रुग्णाला वाफारा देणारा नेब्युलायझर घ्या. औषधाची वाटी वापरून झाली की नळाखाली विसळून पुन्हा ओलीच ठेवली, तर पुढच्या वेळी औषधाबरोबर नळाचं पाणीही सूक्ष्म थेंब होऊन थेट फुप्फुसात जातं. ऑक्सिजनच्या नळकांड्यापाशी बुडबुडे निघणारी बाटली असते, ती ऑक्सिजन ओला करते. तीत काय भरायचं? २०२१च्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्र हादरला, तेव्हा या बाटलीत निर्जंतुक पाणीच वापरा, अशा सूचना निघाल्या होत्या. ती सूचना बुरशीसाठी होती, लेजिओनेलासाठी तितकीच खरी आहे. डिसेंबर २००८मध्ये सायप्रसमधल्या एका खासगी रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात हवा दमट ठेवणाऱ्या यंत्रात नळाचं पाणी भरलं गेलं. नऊ बाळांना लागण झाली, त्यांपैकी तीन दगावली. तान्ह्या बाळाने ना शॉवर घेतला होता, ना पाणी प्यायलं होतं. त्याने फक्त श्वास घेतला होता.

हा आजार एका रुग्णाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळं ठेवण्याने काही साधत नाही. ज्यांना जास्त जपायचं, ते ओळखायचे : पन्नाशी ओलांडलेले, बिडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, फुप्फुसाचा जुना आजार असलेले, स्टेरॉइड किंवा कर्करोगाची औषधं चालू असलेले. रुग्णालयात लागण झालेल्यांत चारपैकी एक दगावतो, असा अमेरिकेतला अनुभव आहे. बाहेर लागण झालेल्यांत हे प्रमाण दहात एक आहे.

गरम बाजूला उष्णता, थंड बाजूला क्लोरीन

गरम पाण्याच्या बाजूला क्लोरीनवर विसंबता येत नाही, कारण पाणी तापलं की क्लोरीन झपाट्याने निघून जातं. तिथे उष्णता हेच हत्यार. गीझर आणि सोलरच्या टाकीतलं सगळं पाणी, तळासकट, दिवसातून एकदा तासभर ६० अंशांवर राहिलं पाहिजे. सोलरला पावसाळ्यासाठी विजेची बॅकअप कॉइल हवीच. बिल वाचवायला थर्मोस्टॅट ४५वर ठेवणं म्हणजे जंतूला सोयीचं तापमान लावून देणं. टाकीच्या तळाचा कॉक दर तिमाहीला उघडून गाळ काढायचा. आमच्याकडच्या जड पाण्याला खरं तर त्याहून लवकर.

यावर वॉर्डातल्या सिस्टर लगेच विचारतील : ६० अंशांचं पाणी रुग्णाच्या अंगावर घालायचं? अजिबात नाही. त्या तापमानाला काही सेकंदांत कातडी भाजते, आणि मधुमेहाने पाय बधिर झालेल्या आजोबांना तर कळणारही नाही. म्हणून साठवताना गरम, आणि विसण शेवटच्या क्षणी, बादलीतच. आधी थंड पाणी, मग गरम, मग कोपर बुडवून बघणं. मोठ्या रुग्णालयांत नळाजवळ आपोआप विसण घालणारा मिश्रण-कॉक बसवतात. त्याच्या पुढचा पाईप कोमट पाण्याचा असतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. आठ नळांना मिळून एकच मिश्रण-कॉक गच्चीवर बसवला, तर खालचा सगळा पाईप कोमट झाला असं समजावं.

थंड बाजूला, आपल्या उन्हाळ्यात, क्लोरीन आणि हालचाल. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का ते दाखवणारी ओटी टेस्ट हे शब्द गावोगावच्या शिपायांना पाठ आहेत. हजार लिटरला पाच ग्रॅम चांगली टीसीएल, अर्धा तास थांबायचं, मग ओटीचे थेंब. पिवळा रंग आला की ठीक. फक्त टेस्ट घ्यायची जागा बदलायला हवी. टाकीपाशी पिवळं येणारं पाणी वॉर्डाच्या टोकाच्या नळाशी येईपर्यंत रंगहीन होऊ शकतं, कारण वाटेत बुळबुळीत थराने क्लोरीन खाल्लेलं असतं. टेस्ट शेवटच्या नळाला घ्यावी. उघड्या पोत्यातली टीसीएल आठवड्या-आठवड्याने निकामी होते, हेही लक्षात ठेवायचं.

आता हालचाल, म्हणजे पाणी खेळतं ठेवणं. जो नळ आठवडाभर कुणी उघडला नाही, तो आठवड्यातून एकदा दोन मिनिटं सोडायचा. दुष्काळी भागात हे लिहिताना हात अडखळतो. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या साली केज तालुक्यातल्या धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. ज्या लोकांनी हंड्या-हंड्यासाठी रात्री जागवल्या, त्यांना नळ नुसता सोडून द्या असं कोण सांगणार? पण हिशेब करा. नळाला मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी येतं, दोन मिनिटांत एक बादली. ती बादली फरशी पुसायला, संडासात टाकायला, आवारातल्या कडुलिंबाला वापरता येते. नळाला रबरी नळी लावून तिचं टोक बादलीच्या तळाशी ठेवलं, की तुषारही उडत नाहीत.

साठवणुकीचंही तसंच. नळाला आठ-पंधरा दिवसांनी पाणी येत असेल तर साठवण टळत नाही. मग साठा जमिनीखालच्या हौदात करावा, जिथे पाणी त्यातल्या त्यात गार राहतं, आणि गच्चीवरच्या टाकीत एका दिवसापुरतंच चढवावं. पाच हजार लिटरची टाकी गच्चीवर भरून चार दिवस उन्हात तापवण्यापेक्षा हजार लिटरची रोज भरलेली बरी. मोटर जास्त वेळा लावावी लागेल, हे खरं.

याहून महागडे उपायही आहेत. सगळ्या पाईपांतून ७० अंशांचं पाणी खेळवणं, तांबं आणि चांदीचे कण पाण्यात सोडणारी यंत्रं, क्लोरीन डायऑक्साइड, नळाच्या तोंडाशी ०.२ मायक्रॉनची गाळणी. अवयव बदलणारी, कर्करोगाची किंवा मोठ्या अतिदक्षता विभागाची रुग्णालयं यांचा विचार करतात, आणि तो करायलाच हवा. पण यंत्र बसवलं म्हणजे काम संपलं, असं होत नाही. पिट्सबर्गमधल्याच माजी सैनिकांच्या रुग्णालयात २०११-१२ या काळात वीसहून जास्त रुग्णांना लागण झाली. तांबं-चांदीची यंत्रणा तिथे बसवलेली होती.

तीस खाटांच्या दवाखान्यात

ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांनी सुरुवात कुठून करावी? माझं उत्तर एका थर्मामीटरपासून, आणि एका वहीपासून. पाण्यात बुडवायचा थर्मामीटर काही शे रुपयांत मिळतो. इमारतीतला टाकीपासून सगळ्यात लांबचा नळ शोधायचा, तो सोडायचा आणि पाणी मगमध्ये घेत राहायचं. गरम नळ असेल तर मिनिटभर वाहिल्यावर आकडा ५०च्या वर गेला का? थंड नळ असेल तर दोन मिनिटांनी आकडा किती, आणि ओटी पिवळी आली का? दोन आकडे आणि एक रंग, दर सोमवारी वहीत. महिनाभरात त्या वहीवरून इमारतीचं दुखणं कळू लागतं. कुठल्या पाईपला वेष्टण नाही, कुठला वॉर्ड वापरात नाही, कुठल्या गीझरची कॉइल गेली आहे.

मग प्लग मारलेले मृत तुकडे मुळापासून कापून टाकायचे. हे काम प्लंबरचं, एका दिवसाचं. बंद पडलेला वॉर्ड पुन्हा सुरू करायचा असेल, तर रुग्ण आत घेण्याच्या आदल्या दिवशी खिडक्या उघडून, तोंडाला मास्क लावून, टाकीपाशी जास्त टीसीएल टाकून प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडायचा, काही तास तसंच ठेवून मग ताज्या पाण्याने धुऊन काढायचं. नेब्युलायझरच्या वाट्या निर्जंतुक पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायच्या. ऑक्सिजनच्या बाटलीत निर्जंतुक पाणी रोज नवं भरायचं. खर्चाच्या दृष्टीने यातलं काहीच मोठं नाही. माणूस नेमून देणं हेच मोठं आहे. ‘पाणी’ हे काम शिपायाचं, प्लंबरचं, सिस्टरचं की बांधकाम विभागाचं, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी कागदावर नसतं, आणि त्यामुळे ते कुणाचंच राहत नाही.

इंजेक्शन चालू आहे, ताप उतरत नाही

शेवटचा भाग डॉक्टरांचा आहे, पण नातेवाइकांनाही माहीत असावा. न्यूमोनियाला आपल्याकडे सर्रास दिली जाणारी पेनिसिलिनच्या कुळातली औषधं किंवा सेफ्ट्रिॲक्सोनचं इंजेक्शन लेजिओनेलावर चालत नाही, कारण जंतू आपल्या पेशींच्या आत बसलेला असतो आणि ही औषधं तिथवर पुरेशी पोचत नाहीत. पेशीच्या आत शिरणारी ॲझिथ्रोमायसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन किंवा डॉक्सिसायक्लिन लागतात. ती महाग नाहीत, गावातल्या मेडिकलमध्येही मिळतात. अडचण असते ती संशय न येण्याची. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला दोन ते दहा दिवस, कधी थोडे जास्तही लागतात. म्हणजे हाड मोडलं म्हणून दाखल झालेला रुग्ण सहाव्या-सातव्या दिवशी तापाने फणफणतो. न्यूमोनियाबरोबर जुलाब आणि असंबद्ध बडबड असेल, तर या जंतूची आठवण व्हायला हवी.

लघवीची एक झटपट तपासणी आहे. सर्वाधिक आढळणारा प्रकार ती पंधरा-वीस मिनिटांत ओळखते, बाकीचे प्रकार तिला दिसत नाहीत. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी न्यूमोनियाच्या रुग्णांत आणि रुग्णालयाच्या पाण्यातही हा जंतू दाखवून दिला आहे. म्हणजे हा काही थंड देशांचा आजार नाही. तपासलं तर तो आपल्याकडेही सापडतो.

आणि रुग्णात तो सापडला, की त्याच दिवशी त्याच्या खाटेजवळच्या नळाचं पाणीही तपासायला पाठवायचं. नळ आधी वाहू द्यायचा नाही, तोंड पुसायचं नाही. उघडताक्षणी येणारं पहिलं लिटरभर पाणी क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट घातलेल्या निर्जंतुक बाटलीत धरायचं, बाटलीवर नळाची जागा, तारीख, वेळ आणि तापमान लिहायचं, आणि ती उन्हात न ठेवता दुसऱ्या दिवशीच्या आत लेजिओनेलाची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळेत पोचवायची. निकाल यायला आठ-दहा दिवस लागतील. तोवर तो नळ बंद, आणि त्या वॉर्डाला पाणी बादलीने, दुसऱ्या टाकीचं.